खरखर थांबविणारा माणूस

मृगाच्या सुमारास आभाळ भरून येते, क्षितिजावर कोठेतरी वीज लखलखते आणि मध्यम लहरींवर रंगात आलेले आकाशवाणीचे गाणे कर्कश आवाजाने मध्येच फाटते, हा अनुभव आपल्याकडील मागच्या पिढीतील प्रत्येक श्रोत्याने घेतलेला आहे. वीज विझते, तशी रेडिओची खरखरही थांबते. एफएम केंद्र लावून बसलेल्या श्रोत्याला मात्र डोक्यावर ढग गडगडत असतानाही सुरांवर ओरखडा ऐकू येत नाही. आकाशवाणीने १९७७ मध्ये मद्रास येथे एफएम प्रक्षेपण सुरू केले. परंतु १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हापासूनच पडद्यावरील चित्रासोबतचा ध्वनी याच पद्धतीने मुंबईकरांच्या घरात येत होता, याची जाणीव फार थोड्यांना असेल. ही पद्धत ज्याने सिद्ध केली त्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगचे नावही फार थोड्यांना ठाऊक आहे. आर्मस्ट्राँग म्हटले की आपल्याला चंद्रावर पाऊल ठेवणारा माणूस आठवतो, आणि संगीतप्रेमी असल्यास तुतारी फुंकणारा. हा तिसरा आर्मस्ट्राँग मात्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलमधील नखाएवढ्या चिपवर मायक्रोवेव्ह लहरींचा जो चिमुकला प्रक्षेपक कोरलेला असतो, त्याच्या रचनेत या माणसाची एक युक्ती जशीच्या तशी उभी आहे.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतील शाखेत नोकरीस होते, आई शाळेत शिक्षिका होती. बालपणी कोरिया नावाचा मज्जासंस्थेचा विकार जडल्यामुळे त्याला दोन वर्षे शाळेबाहेर काढावी लागली, आणि चेहरा व खांदा मध्येच झटकण्याची खोड जन्मभर मागे राहिली. एकटेपणाची सवयही बहुधा तेव्हाच लागली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या योंकर्स या गावी राहावयास गेले. मार्कोनीच्या पराक्रमाच्या हकिगती वाचून मुलाने चौदाव्या वर्षीच संशोधक होण्याचे ठरविले, आणि घराच्या परसात सुमारे सव्वाशे फूट उंचीचा खांब स्वतःच्या हातांनी उभारला. उंचावर चढण्याचे त्याला विलक्षण वेड होते. इतरांना जेथे घेरी यावी तेथे हा मुलगा निवांत बसून तारा जोडीत असे.

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी बिनतारी संदेश ग्रहण करण्यासाठी ली डी फॉरेस्ट याने बनविलेली 'ऑडियन' नावाची तीन अग्रांची नळी, म्हणजे पुढे ज्याला आपण व्हॉल्व्ह म्हणू लागलो त्याचा पूर्वज, वापरली जाई. ती चालते हे सर्वांना दिसत होते. का चालते हे मात्र तिच्या जनकालाही नीट उमगलेले नव्हते. आर्मस्ट्राँगने तिचे शिस्तीने मापन केले. १९१२ मध्ये त्याच्या ध्यानात आले की, नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा थोडा अंश पुन्हा तिच्या तोंडाशी परत दिला तर तोच संकेत पुनःपुन्हा वाढत जातो आणि क्षीण आवाज खोलीभर ऐकू येतो. परत देण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे नेले की नळी ग्राहक राहत नाही, स्वतःच लहरी निर्माण करू लागते. एकाच शोधात संवेदनशील ग्राहक आणि स्थिर प्रक्षेपक असे दोन्ही हाती आले. त्यानंतर आजतागायत जेथे जेथे विद्युत्‌लहरी निर्माण कराव्या लागतात तेथे आंदोलकाच्या मुळाशी हे परतदानाचे तत्त्व असते.

या शोधाचे पेटंट घेण्यासाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. आधी पदवी मिळव, असे उत्तर मिळाले. त्याने आपली मोटारसायकल विकून पाहिली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा मामांच्या सल्ल्याने त्याने सर्किटचा आराखडा काढून नोटरीकडून त्यावर साक्षीचा शिक्का तेवढा मारून घेतला. तारीख होती ३१ जानेवारी १९१३. प्रत्यक्ष पेटंटचा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला आणि वर्षभराने मंजूर झाला. घरातल्या काटकसरीने खाल्लेल्या या नऊ महिन्यांनी पुढे वीस वर्षांच्या कज्जाला वाव मिळवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बरोबर वर्षभरानंतर, ३० व ३१ जानेवारी १९१४ च्या कडाक्याच्या थंडीत, न्यू जर्सीतील बेलमार येथील मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर त्याने आपला ग्राहक लावून आयर्लंड आणि होनोलुलू येथील संदेश ऐकविले. ऐकणाऱ्यांत कंपनीचा एक तरुण अधिकारी होता, डेव्हिड सार्नॉफ. रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा तारायंत्राच्या टेबलापासून चढत आला होता. दोघांची त्या रात्री जुळलेली मैत्री पुढे वीस वर्षे टिकली.

आर्मस्ट्राँगच्या हक्काला आव्हान देणारे एकटे डी फॉरेस्ट नव्हते. जनरल इलेक्ट्रिकचा लँगम्यूर आणि जर्मनीचा माइसनर हेही दावेदार होते. परंतु खरी झुंज झाली ती डी फॉरेस्टशी. ऑगस्ट १९१२ मधील एका नोंदीचा आधार घेऊन आपल्याला हा परिणाम आधीच दिसला होता, असे डी फॉरेस्टचे म्हणणे होते. नोंद खरी होती. टेलिफोनचा आवाज वाढविण्याच्या एका प्रयोगात सर्किटने शीळ घातली होती, आणि ती शीळ त्याने त्या वेळी त्रासदायक दोष म्हणून टाळली होती. दिसणे आणि समजणे यांतील अंतराचा हा प्रश्न होता. नळीचे कार्य आकृत्या व मापनांसह प्रथम स्पष्ट करून सांगितले ते आर्मस्ट्राँगने, १९१४-१५ मध्ये. तंत्रज्ञांच्या मनात म्हणूनच संशय नव्हता.

न्यायालयाच्या दाराशी मात्र तर्क निराळा चालतो. प्रारंभी, १९२२ मध्ये, निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने लागला. डी फॉरेस्ट आर्थिकदृष्ट्या खंगलेला होता. नुकसानभरपाई आणि खर्चाची मागणी आर्मस्ट्राँगने सोडून दिली असती तर हुकूमनामा अंतिम होऊन प्रकरण तेथेच मिटले असते. त्याने ती सोडली नाही. उलट पेटंटचा क्रमांक लिहिलेले निशाण योंकर्सच्या खांबावर, प्रतिपक्षाच्या घरातून दिसेल असे फडकावले. या माणसाविषयी कितीही आदर असला तरी हा पोरकटपणा होता, आणि महागडा होता, हे म्हणावेच लागेल. दरम्यान दोन्ही बाजूंचे हक्क मोठमोठ्या कंपन्यांनी विकत घेतलेले असल्यामुळे खटला आता दोन माणसांचा उरला नव्हता. १९२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात पारडे फिरले; १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टचा पक्ष उचलून धरला; आणि १९३४ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या निकालपत्राने शेवटचे दार बंद झाले. कार्डोझो हे थोर कायदेपंडित होते. पण निकालपत्रातील तांत्रिक विवेचन चुकलेले आहे, असे त्या वेळच्या अभियंत्यांचे मत होते.

निकालानंतर काही दिवसांतच फिलाडेल्फिया येथे रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे संमेलन भरले. या शोधाबद्दल संस्थेने आपले पहिले मानपदक आर्मस्ट्राँगला १९१७ साली दिले होते. ते परत करावयास तो तेथे गेला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा शोध आपला नाही असे ठरविल्यावर पदक जवळ ठेवणे त्याला अप्रामाणिक वाटत होते. त्याला भाषण करण्याची वेळच आली नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी पदक पुन्हा त्याच्याच नावे कायम करीत असल्याचे जाहीर केले आणि सभागृह उठून उभे राहिले. त्या सभागृहातील बरेचसे श्रोते ज्या कंपन्यांत नोकरी करीत होते, त्यांचा पैसा दुसऱ्या बाजूला लागलेला होता.

मधल्या काळातील हकिगत थोडक्यात सांगता येईल. पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या संदेशवहन विभागातून पॅरिसला गेला व तेथेच १९१८ मध्ये त्याने सुपरहेटरोडाइन ग्राहकाची कल्पना पूर्णत्वास नेली. येणारी कोणतीही लहर प्रथम एका ठराविक मधल्या वारंवारतेवर उतरवून घ्यावयाची आणि मग ती वाढवावयाची, ही ती पद्धत. पुढे घराघरांत जो रेडिओ वाजला तो याच पद्धतीचा. त्या कल्पनेपर्यंत फ्रान्सचा लुसिएँ लेव्ही स्वतंत्रपणे पोहोचला होता, हेही नमूद केले पाहिजे. सैन्यातून तो मेजर होऊन परतला आणि पुढे जन्मभर मेजर आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला गेला. पेटंटे वेस्टिंगहाउस आणि आरसीए या कंपन्यांना विकून तो लक्षाधीश झाला. आरसीएचे त्याच्याइतके भाग दुसऱ्या कोणाही एका व्यक्तीकडे नव्हते. सार्नॉफच्याच कचेरीत चिटणीस असलेल्या मॅरियन मॅकिनिस या तरुणीशी १९२३ च्या डिसेंबरात त्याने विवाह केला. तिला भेट म्हणून त्याने स्वतः बनविलेला सुटसुटीत रेडिओ दिला. आदल्या वसंतात तिच्यावर छाप पाडण्यासाठी तो आरसीएच्या इमारतीवरील उंच मनोऱ्याच्या टोकावर चढून बसला होता, आणि त्याबद्दल सार्नॉफने त्याची चांगलीच कानउघाडणी केली होती.

आता खरखरीकडे वळू. आवाज किंवा संदेश वाहक लहरीवर चढविण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. जुन्या पद्धतीत लहरीचा जोर कमी-अधिक केला जातो. वीज चमकते तेव्हा तीही जोरातच भर घालते. मग ग्राहकाने गाणे कोणते आणि वीज कोणती हे ओळखावे कसे? लहरीचा जोर कायम ठेवून वारंवारता बदलावी, हा विचार जुनाच होता. परंतु अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या जॉन कार्सन या गणितज्ञाने १९२२ मध्ये असे दाखवून दिले होते की, वारंवारता थोडीशी बदलून पट्ट्याची बचत होत नाही, उलट आवाज मात्र बिघडतो. गणित बिनचूक होते. सगळ्यांनी तो विषय सोडून दिला. आर्मस्ट्राँगने उलटी वाट धरली. थोडीशी बदलून भागत नसेल तर भरपूर बदलून पाहू, असे त्याने ठरविले. मध्यम लहरींच्या केंद्राला दहा किलोहर्ट्झ जागा पुरते. त्याने दीडशे किलोहर्ट्झपर्यंत लहर झुलविली, आणि ग्राहकात जोरातील सारे चढउतार छाटून टाकणारी पायरी बसविली. वीज छाटली गेली, गाणे राहिले.

अडचण होती ती प्रक्षेपकाची. आंदोलकाला थेट हात घालून त्याची वारंवारता आवाजाबरोबर हलविणे, म्हणजे प्रत्यक्ष मॉड्युलेशन, दिसावयास सोपे. परंतु जो आंदोलक हलविता येतो तो आपोआपही हलतो. तापमान बदलले, व्हॉल्व्ह जुना झाला की केंद्र आपली जागा सोडून भरकटू लागते. क्वार्ट्झच्या स्फटिकाने बांधलेला आंदोलक जागेवर अढळ राहतो, पण मग तो हलवावा कसा? आर्मस्ट्राँगने स्फटिकाला स्पर्शच केला नाही. स्फटिकाची लहर घेऊन तिचीच पाव फेरीने सरकलेली जुळी लहर त्याने तयार केली, आवाज त्या जुळीवर चढविला आणि दोघींची बेरीज केली. बेरजेची लहर आवाजाप्रमाणे किंचित पुढे-मागे डोलू लागते. हा डोल अगदीच लहान असतो, म्हणून तो हजारो पटींनी गुणून मोठा करावयाचा. केंद्र स्फटिकाइतके स्थिर आणि झोका हवा तेवढा, असे दोन्ही साधले.

आजच्या मायक्रोवेव्ह चिपकडे या दृष्टीने पाहावे. चिपवर सुपरहेटरोडाइनच्या मधल्या पायरीला लागणाऱ्या अवजड गाळण्या बसविता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक रचनाकारांनी ती पायरीच गाळली आणि माहिती थेट अंतिम वारंवारतेच्या लहरीवर, उदाहरणार्थ वायफायच्या २४०० मेगाहर्ट्झवर, चढविण्याचे धोरण स्वीकारले. यासाठी चिपवर एकच लहर दोन रूपांत हाताशी ठेवतात, एक मूळ आणि एक पाव फेरीने सरकलेली. प्रत्येकीवर माहितीचा एकेक भाग चढवितात आणि दोघींची बेरीज आकाशकाकडे पाठवितात. आर्मस्ट्राँगने फक्त जुळीवर आवाज चढविला होता, आता दोघींवर माहिती चढते, एवढाच फरक. दुसरा मार्ग आंदोलकालाच प्रत्यक्ष झुलविण्याचा. तो भरकटू नये म्हणून एक सर्किट त्याची सतत स्फटिकाशी तुलना करून त्याला जागेवर ओढीत राहते. ज्या ब्लूटूथने आपण बिनतारी कर्णफूल लावून गाणी ऐकतो, त्याचा मूळ प्रकार वारंवारता झुलविण्याचाच आहे. सुपरहेटरोडाइनला या चिपमधून रजा मिळाली ती अशा रीतीने. ज्या माणसाने मधली पायरी रुळविली, त्याच्याच दुसऱ्या युक्तीने ती अनावश्यक करावी, हा योग काही औरच आहे.

१९३३ च्या डिसेंबरात या पद्धतीची पेटंटे मंजूर झाली आणि त्याने ती प्रथम सार्नॉफला दाखविली. सार्नॉफ आता आरसीएचा अध्यक्ष होता. खरखर घालविणारी एखादी पेटी कोणीतरी शोधावी अशी इच्छा त्यानेच पूर्वी बोलून दाखविली होती. येथे आली ती पेटी नव्हती. सगळे प्रक्षेपक, सगळे रेडिओ आणि त्यांत गुंतलेला सगळा पैसा निकालात काढणारी नवी व्यवस्था होती. तरीही १९३४ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या झाल्या; सुमारे सत्तर मैलांवर, वादळात, जुन्या पद्धतीचा आवाज बुडाला आणि नव्याचा स्वच्छ आला. वर्षभरात आरसीएने त्याला यंत्रे हलविण्यास सांगितले. जागा टेलिव्हिजनला हवी होती. सार्नॉफला खलनायक ठरविणे सोपे आहे. कंपनीचा प्रमुख म्हणून त्याने एका क्रांतीपेक्षा दुसरी निवडली, इतकेच म्हणता येईल. मित्र म्हणून मात्र त्याने मोकळेपणाने नकार द्यावयास हवा होता, आणि तो त्याने दिला नाही.

नोव्हेंबर १९३५ मध्ये अभियंत्यांच्या सभेत आर्मस्ट्राँगने निबंध वाचता वाचता अकस्मात ग्राहक सुरू केला. योंकर्सच्या एका मित्राच्या घरून पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद फाटल्याचा आवाज आला. कागद फाटतो तो कागदासारखाच ऐकू येतो, हे रेडिओवर त्या श्रोत्यांनी प्रथमच अनुभवले. त्यानंतर स्वतःचे तीन लाखांहून अधिक डॉलर घालून त्याने हडसनच्या काठी अल्पाइन येथे चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला. १ जानेवारी १९४१ पासून एफएमचे व्यावसायिक प्रक्षेपण सुरू झाले. आरसीएने त्याला पेटंटच्या वापरासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर हिस्सा देतात तसाच आरसीएनेही द्यावा, म्हणून त्याने ते नाकारले. युद्ध आल्यावर मात्र हीच पेटंटे त्याने सैन्याला विनामूल्य वापरू दिली.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून ८८ ते १०८ वर हलविला. सूर्यावरील डागांमुळे खालच्या पट्ट्यात दूरची केंद्रे एकमेकांत मिसळतील, असे कारण सांगण्यात आले. आर्मस्ट्राँगला ते मुळीच पटले नाही. एका हुकुमाने लोकांच्या घरातील लाखो रेडिओ निकामी झाले. तिकडे आरसीए आपल्या टेलिव्हिजन संचांत ध्वनीसाठी एफएमच वापरीत होती, मोबदल्यावाचून. १९४८ मध्ये त्याने दावा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी एकट्या त्याची साक्ष सुमारे वर्षभर लांबविली. १९५० च्या अखेरीस पेटंटांची मुदत संपली, हिस्सा देणाऱ्या कंपन्यांकडून येणारा पैसा आटला आणि खटला चालूच राहिला. त्याला घाई असण्याचे कारण होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. एफएमच्या वाढीसाठी आपल्या कंपनीने आर्मस्ट्राँगपेक्षाही अधिक केले आहे, असे सार्नॉफने साक्षीत सांगितले तेव्हा तो समोरच बसला होता.

१९५३ च्या नोव्हेंबरात त्याने मॅरियनच्या वृद्धापकाळासाठी ठेवलेले पैसे खटल्यासाठी मागितले. शब्द वाढला, त्याने चुलीजवळची सळई उगारली आणि ती तिच्या दंडावर बसली. तीस वर्षांच्या संसारानंतर ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने पत्नीला क्षमा मागणारे पत्र लिहिले. नंतर कोट, टोपी, गळपट्टा, हातमोजे असा बाहेर जाण्याचा पोशाख चढविला आणि तेराव्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली. आराखड्यावर साक्षीचा शिक्का मारून घेतल्याला त्या दिवशी बरोबर एक्केचाळीस वर्षे झाली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस मॅरियनने आरसीएशी दहा लाखांहून थोड्या अधिक रकमेवर तडजोड केली. चौदा वर्षांपूर्वी त्याने नाकारलेला आकडा जवळजवळ तोच होता. ही तिची माघार असावी, असा अनेकांचा समज झाला. पण उरलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे तिने एकेक करून चालविले, आणि १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा दावाही जिंकला. ज्या सर्वोच्च न्यायालयाने पतीला दोनदा परत पाठविले होते, त्यानेच या वेळी प्रतिपक्षाचे अपील ऐकण्यास नकार दिला. ती १९७९ मध्ये वारली. अल्पाइनचा मनोरा अद्याप उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारती कोसळल्या आणि त्यांच्या माथ्यावरील प्रक्षेपके नष्ट झाली, तेव्हा शहरातील काही टेलिव्हिजन केंद्रांनी आपली यंत्रे तात्पुरती याच मनोऱ्यावर नेऊन चढविली.